नमुना

एकतीस वर्षं मी दाढेनं डाळ फोडली.
मिलच्या दारात ट्रक लागला
की पोत्यात परखी खुपसायची,
तळहातावर मूठभर, दाढेखाली एक दाणा.
कट् वाजलं की माल कोरडा,
दबला की भाव खाली.
शेठ पाहुण्यांना सांगायचे,
झांबरेंची दाढ म्हणजे यंत्र आहे आमचं.

निरोपाला शाल, नारळ
आणि लिफाफ्यात दोघांच्या जेवणाचं कूपन.
हायवेवरचं नवं हॉटेल, पहिला मजला, कॉन्टिनेन्टल.
मुदत एकतीस मे.
आम्ही एकोणतीसला गेलो.

जळगाव शेहेचाळीसवर होतं.
रिक्षाची सीट रुमाल टाकूनही बसू देईना.
आत असा गारवा, की इंदूनं
पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.
म्हणाली, "इथं निस्तं बसाचे पैसे घेतले
तरी परवडतीन."

सूप आलं. टोमॅटोचं, वर सायीची रेघ.
खोटं कशाला बोलू,
पहिल्या घोटालाच मान डोलली.
सोबत इवलाले पाव,
फोडले की वाफ, आणि लोणी चिनी मातीच्या वाटीत.
मी तीन खाल्ले.
चौथ्याकडे बघत होतो, तर टोपली उचलली गेली.

मग चाळीस मिनिटं काहीच नाही.
शेजारच्या टेबलावर बियाणं कंपनीची माणसं
टार्गेटबद्दल मोठमोठ्यानं हसत होती.
मी काटा मोजला, सुरी मोजली,
भिंतीवरच्या चित्रातली होडी मोजली.

वेटरच्या छातीवर नाव, मुराद तडवी. यावलकडचा.
ताटल्या ठेवताना त्यानं पदार्थाचं नाव सांगितलं.
मी दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदा तो वाकून हळूच म्हणाला,
"काका, भाज्या हायेत. पांढऱ्यात."

ते इंदूचं. मी एक चमचा चाखला.
मैदा, दूध. बाद.

माझ्यापुढे भाजलेलं वांगं,
किंमत तीनशे ऐंशी.
कपाशीच्या काड्यांवर भाजून
लाकडी बडगीत ठेचतात, त्याचंच हे भावंड,
फक्त मिरचीशी बोलणं बंद केलेलं.
आणि भातात, कट्.
दाढेनं लगेच सांगितलं, कच्चा.
मुराद आत जाऊन विचारून आला.
"तो तसाच असतो म्हने, काका."
एकतीस वर्षांत एकाही व्यापाऱ्याची
असं सांगायची हिंमत झाली नव्हती.

मी तक्रारीला जोडीदार शोधत समोर पाहिलं.
इंदूची वाटी रिकामी.
कडेला चिकटलेली लालसर साय
ती काट्यानं खरवडत होती,
एकेक कण,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून.

"फिक्कं नाही लागलं?"

"मले तिखट कधी सोसलंच नई,"
वाटीतून नजर न काढता.

"मग घरी इतकी वर्षं..."

"तुम्ही खायचे ना."

तिच्या ताटाशी नेहमी पाण्याचा तांब्या असायचा.
मला वाटायचं, सवय.
शेवभाजीच्या दिवशी ती भाकर ताकात कुस्करायची.
मला वाटायचं, आवड.

शेवटी कॅरॅमल कस्टर्ड आलं, ते चांगलं होतं.
बडीशेप नव्हतीच.
अभिप्रायाच्या कागदावर चार चौकोन होते,
उत्तम, चांगले, ठीक, वाईट.
मी मागच्या कोऱ्या बाजूला सविस्तर लिहिलं:
सूप एक नंबर. पाव एक नंबर.
उशीर चाळीस मिनिटे. भात कच्चा.
पांढऱ्या भाजीपाशी पेन थांबलं,
मग तो रकाना तसाच सोडून सही केली.

बाहेर ऊन दारातच उभं होतं.
रिक्षा अजिंठा चौफुलीला वळेपर्यंत
दोघंही गप्प.
मग पदर डोक्यावर ओढत ती म्हणाली,
"त्या पांढऱ्यात जायफळ व्हतं.
थोडंसंच."

जायफळ.
मी जीभ दाढेवरून फिरवून पाहिली.